भाचीचा हात आणि मामाचा अंगठा

दर्शनाला माणसं चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत, असं मी म्हटलं की तिला राग येतो. येऊ दे. मी तिची घरमालकीण आहे, त्याआधी शाळेत तिची बाई होते, तेव्हा मला जे दिसतं ते मी बोलणारच. मागल्या महिन्यात आम्ही दोघी मारुती मंदिराजवळ भाजी घेत होतो. समोरून एक बाई तोंडभर हसत आल्या आणि म्हणाल्या, "काय दर्शनाताई, ओळख आहे ना?" दर्शनाचा चेहरा कोरा. मग तिने हळूच मान खाली घातली, बाईंच्या चपलेतून बाहेर आलेल्या अंगठ्याकडे बघितलं आणि एकदम खुलली. "अय्या, शेट्येकाकू! नख काय सुंदर आलंय!" भाजीवाल्यासकट आजूबाजूची सगळी माणसं शेट्येकाकूंच्या अंगठ्याकडे बघायला लागली. काकू निम्मी भाजी न घेताच गेल्या.

दर्शनाचं काम पायांचं. माझ्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत तिचा दवाखाना आहे आणि बाहेर पाटी आहे, 'पादचिकित्सा केंद्र'. पाटी लागली त्या पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ तुटलेल्या पट्ट्याची चप्पल घेऊन आले. दुसऱ्या दिवशी दोन मुली मेंदी काढून मिळेल का विचारायला आल्या. तिसऱ्या दिवशी आलेल्या आजोबांना डॉक्टरांनी डावा पाय दाखवायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी तेवढाच धुऊन आणला होता. दर्शना म्हणाली, "आता उजवा दाखवा." आजोबा म्हणाले, "उजव्याचं ठरलं नव्हतं." उजवा पाय त्यांनी शेवटपर्यंत चपलेतून काढला नाही.

माझी स्वतःची गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी शकुंतला सुर्वे. एकतीस वर्षं हायस्कुलात पोरींना कवायत शिकवली. दर सोमवारी प्रार्थना झाली की माझी नखतपासणी असायची. आधी हाताची नखं, मग चपला काढून पायाची. पायाचं नख गोल आणि कोपऱ्यात खोलपर्यंत कापलेलं पाहिजे, हा माझा हुकूम. ज्या पोरीचे कोपरे राहिलेले दिसायचे ती मैदानाला फेऱ्या मारायची.

तीन वर्षांपूर्वी दर्शना भाड्याने खोल्या बघायला आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही, पण तिने माझ्या पायाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "बाई, अंगठा ठणकतोय ना?" ठणकत होता. गेली सहा वर्षं ठणकत होता आणि मी ते वय झाल्याचं लक्षण समजून गप्प बसले होते. तिने तिथल्या तिथे पिशवीतून सामान काढलं, मला खुर्चीत बसवलं आणि मांसात रुतलेली नखाची कड अलगद सोडवली. मग जमिनीवर बसूनच मान वर करून म्हणाली, "बाई, कोपरे खोल कापले की नख वाढताना बाजूच्या मांसात घुसतं. पायाचं नख सरळ कापायचं. कोपऱ्यांना हात लावायचा नाही."

"मग मी एवढी वर्षं पोरींना काय शिकवलं?" मी विचारलं.

ती खाली मान घालून सामान पिशवीत भरत राहिली. माझ्या हाताखालून निदान चार हजार पोरी गेल्या असतील. रत्नागिरीच्या दोन पिढ्यांची नखं मी माझ्या हाताने मांसात घातली. त्या दिवसापासून दवाखान्याच्या दाराशी खुर्ची टाकून मी बसते. कोणी जुनी विद्यार्थिनी लंगडत आली की तिला आधी आत पाठवते.

दर्शना मूळची याच भागातली. शाळेनंतर नर्सिंग करून मुंबईला गेली. तिथल्या एका मोठ्या इस्पितळात मधुमेहाच्या पेशंटांचे पाय बघायचा वेगळा विभाग होता, तिथे लागली आणि नऊ वर्षं नुसते पायच बघत राहिली. त्याचं रीतसर शिक्षणही घेतलं. नवरा अनिल पोफळीच्या वीजकेंद्रात लागला तेव्हा दोघं परत आली. तो शनिवारी घरी येतो. आल्या आल्या ती आधी त्याचे तळवे बघते आणि मग चहा टाकते.

तिच्या कामात कापाकापी फारशी नसते. टाचेच्या भेगा, तळव्यावरचे घट्टे, भोवऱ्या, बुरशीने पिवळी आणि जाड झालेली नखं. लोक भोवरी दाढीच्या ब्लेडने घरीच कापतात आणि मग रक्त थांबेना झालं की रिक्षा करून येतात. बुरशी आलेल्या नखावर बायका लाल नेलपॉलिश लावतात आणि वर्षभर त्याच्या वर दुसरा हात मारत राहतात. दर्शना कुणावर ओरडत नाही. ओरडायचं काम दाराशी बसून मी करते.

तिची खरी अडचण वेगळीच होती. पेशंट उंच खुर्चीत, त्याचा पाय स्टुलावर आणि ही समोर बुटक्या स्टुलावर कपाळाला दिवा बांधून बसलेली. पायावर वाकलेलं डोकं दिसलं की आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांचा हात आपोआप वर जातो. दर्शना नखाची कड उचलायच्या बेतात असायची आणि वरून डोक्यावर थाप पडायची, "सुखी रहा!" कात्री चुकायची. खेडहून एसटीने येणारी गोदाआजी तर दर वेळी म्हणायची, "आठ लेकरांची आई हो." दर्शना खालूनच सांगायची, "दोन आहेत आजी, तेवढी पुरेत. पाय हलवू नका."

तरुण पेशंटांची तऱ्हा उलटी. आपला पाय दुसऱ्याला लागला की हात लावून तो छातीला न्यायचा, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. त्यामुळे एका नखाला सात-सात नमस्कार व्हायला लागले. शेवटी मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावलं, 'नमस्कार आणि आशीर्वाद काम संपल्यावर एकदाच.' त्याने पुष्कळ फरक पडला.

हे सगळं चाललेलं असताना दर्शनाचा स्वतःचा मामा मात्र दवाखान्याची पायरी चढायला तयार नव्हता.

रघूमामा रत्नागिरीजवळच्या काळबादेवी गावचा तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या. आरे-वारेच्या रस्त्याला लागलं की वाटेत त्याचं घर. दर्शनाचे वडील मुंबईला नोकरीला, त्यामुळे हिचं लहानपण मामाच्या अंगाखांद्यावर गेलं. पोहायला त्याने शिकवलं, शाळेत नाव त्याने घातलं, लग्नात हाताला धरून बोहल्यापाशी त्यानेच नेलं. साठीचा माणूस, पण होडीवर उभा राहिला की चाळिशीचा वाटायचा. दोन्ही हात जाळ्यात गुंतले की तो सुकाणूचा दांडा उजव्या पायाच्या अंगठ्यात धरून होडी सरळ न्यायचा. त्याचे खलाशी हे कौतुकाने सांगायचे.

त्याच अंगठ्याचं नख जूनमध्ये रुतलं. मासेमारी बंद होती, होडी किनाऱ्यावर शाकारून ठेवलेली होती. मामाला बारा वर्षांचा मधुमेह. गोळ्या तो आठवण झाली की घ्यायचा आणि आठवण त्याला सणासुदीला व्हायची. अंगठा सुजला, काळसर झाला, पण मामा म्हणायचा, "दुखत नाय, मंग कसला आजार?" उपाय म्हणून त्याने अंगठ्याला काजूच्या टरफलाचं तेल लावलं. होडीच्या लाकडाला कीड लागू नये म्हणून लावतात तेच. मामीने, म्हणजे गंगामामीने हटकलं, तर तो म्हणाला, "होडी तीस वर्सं टिकली ना त्याच्यावर?"

मामीने दर्शनाला फोन केला. दर्शना त्याच दुपारी काळबादेवीला गेली आणि मामा तिला बघून पाय पोटाशी घेऊन बसला. हे मला तिने रडत सांगितलं. वेदना, भीती, दवाखान्याचा कंटाळा, यातलं काहीही नव्हतं. मामाचं म्हणणं एकच, भाचीने मामाच्या पायाला हात लावायचा नसतो.

आता हे खरंच आहे. त्यांच्याकडे भाची पाया पडायला वाकली तर मामा दोन पावलं मागे सरतो आणि उलट तिच्या पाया पडतो. भाचीकडून पाय धरून घेतले तर ते पाप कुठे फिटायचं नाही, असं मानतात. मी म्हटलं, "मग डॉक्टरकडे का जात नाहीत? तिथे कोण भाची बसलीय?" दर्शना म्हणाली, "डॉक्टरकडे नेलं तर म्हणतो, घरात पायाची डॉक्टरीण असताना परक्याकडे गेलो तर लोक काय म्हणतील." म्हणजे भाचीला हात लावू द्यायचा नाही आणि भाचीचा अपमान होईल म्हणून दुसऱ्यालाही नाही. या दोन प्रेमांच्या मध्ये अंगठा सडत होता. मला माणसाची इतकी चीड कधी आली नव्हती.

"किती दिवस आहेत?" मी विचारलं.

"बाई, दिवस मोजायची वेळ गेलीय. हाडापर्यंत पोचलं तर अंगठा काढतात. अंगठ्यावर थांबलं तर नशीब. आणि एक ऑगस्टला होड्या सुटणार, तो त्याच पायाने अनवाणी होडीवर चढणार." होडीवर चप्पल घालून चढत नाहीत, होडी ही देवी असते, हे मला तिने सांगायची गरज नव्हती.

मग मी माझ्या पद्धतीने हात घातला. मामाला फोन लावला आणि वर्गातल्या आवाजात म्हटलं, "रघूभाऊ, मी सुर्वेबाई बोलतेय. गंगावहिनींनी दर्शनासाठी सुके बांगडे काढून ठेवलेत म्हणे. उद्या सकाळी दहाला आणून द्या." बाईमाणसाने, त्यातून शिक्षिकेने सांगितलेलं काम कोकणातला माणूस टाळत नाही. दुसऱ्या दिवशी पावणेदहाला मामा मामीसह हजर झाला. उजव्या पायाला फडकं, फडक्यावर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीवर सुतळी. हातात सुक्या बांगड्यांचं पुडकं. दवाखान्याच्या उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला, "घ्या बाई. मी निघतंय."

"बसा," मी म्हटलं.

मामा बसला. मी एकतीस वर्षं उगाच घालवलेली नाहीत.

दर्शना आतून आली पण लांबच उभी राहिली. म्हणाली, "मामा, मी हात लावत नाही. फडकं मामी सोडेल. फक्त एक तपासणी करू दे. पायाला संवेदना किती आहे ती बघायची. तेवढं झालं की तू मोकळा." आणि तिने कपाटातून ते साधन काढलं. पेनाएवढी दांडी आणि टोकाला नायलॉनचा बारीक ताठ धागा.

मामाने निरखून बघितलं आणि हसायलाच लागला. "ही तर तंगूस! मासे पकडायची तंगूस दांडीला लावलीस आनि डाक्टरी म्हनतंस?"

"हो, तंगूसच. ती तळव्याला टेकवायची. टेकली की 'लागला' म्हणायचं."

"पन टेकवनार कोन?"

"मी," असं म्हणून मी दांडी हातात घेतली. मामाने विचार केला. परक्या बाईने तंगुशीने पाय टोचण्याबद्दल रूढीत काहीच सांगितलेलं नव्हतं. तो उठून आत आला, पेशंटच्या खुर्चीत बसला आणि पाय स्टुलावर ठेवला. मामीने सुतळी, पिशवी आणि फडकं सोडलं. अंगठा बघून मी तोंड फिरवलं. दर्शनाने मात्र नजर हलवली नाही. तिचा फक्त खालचा ओठ दातांत गेला.

पहिल्या फेरीत मामाने दहापैकी दहा वेळा "लागला" म्हटलं. फक्त त्याचे डोळे सताड उघडे होते. मी म्हटलं, "डोळे मिटा." मिटले, पण पापण्यांतून बघतच होता. कॉपी करणाऱ्या पोरी मी आयुष्यभर पकडल्या आहेत. मी माझा टॉवेल आणला आणि त्याच्या डोळ्यांवर मागे घट्ट गाठ मारून बांधला.

"लागला," मामा म्हणाला. मी अजून दांडी उचललीही नव्हती.

मी दर्शनाकडे बघितलं. तिने बोट ओठावर ठेवलं. मी दांडी खाली धरून नुसती उभी राहिले. मामा ठरावीक वेळाने, होडीवर वल्ह्याची लय सांभाळावी तसा म्हणत राहिला, "लागला... लागला... हा जरा जोरात लागला." मामीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला आधी हसू आलं होतं, ते मावळलं.

तेवढ्यात जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. मामा सावरून बसायला गेला आणि त्याची टाच स्टुलाच्या कडेवरून घसरली. तो काळा अंगठा स्टुलाच्या लोखंडी पायावर आपटणार, एवढ्यात दर्शनाने झेप घेतली आणि पाय दोन्ही हातांत झेलला. एक हात टाचेखाली, दुसरा थेट बोटांवर. बारा वर्षांची सवय, ती विचारून थोडीच येते!

आम्हा तिघींना वाटलं, संपलं. आता मामा ओरडणार, टॉवेल फेकणार, उठून चालता होणार.

मामा म्हणाला, "स्टूल हलतोय काय वो तुमचो, बाई?"

दर्शना गुडघ्यांवर बसलेली, मामाचा पाय तिच्या ओंजळीत. मामाला वाटलं आमची तपासणी चालूच आहे. तो खुशीत होता, सगळी उत्तरं बरोबर येत होती. म्हणाला, "लागला. आनि बाई, एक सांगून ठेवतंय. दर्शनाचा हात तेवढा लागू देऊ नका हां माझ्या पायाला. पोरीला काय, ती हट्टी हाय. लहानपनापासून तशीच. पन मी लग्नात तिचे पाय धुतलेत बाई, हातात घेऊन. तिच्याकडून मी पाय कसे धरून घेऊ? माझ्या जीवात जीव हाय तोपर्यंत ते व्हनार नाय."

दर्शनाच्या डोळ्यांतलं पाणी टपटप त्याच्या पायावर पडत होतं. तेही त्याला लागत नव्हतं.

मामीनेच शेवटी पदर डोळ्यांना लावून टॉवेलची गाठ सोडली. "बगा आता," ती म्हणाली.

मामाने खाली बघितलं. मला वाटलं होतं तो रागावेल. तो रागावला नाही. घाबरला. एवढा दर्यावर्दी माणूस घाबरलेला मी पहिल्यांदाच बघितला.

"कधीपासून धरलंस गो?"

"स्टूल हलला तेव्हापासून, मामा."

"दोनी हातांनी?"

"दोन्ही हातांनी."

त्याने अंगठा हलवायचा प्रयत्न केला. तिच्या हातात अंगठा थोडा हलला. तो हललेला त्याला दिसला, तिच्या हाताची ऊब काही कळली नाही. "मंग काटे मोडले असतील, ठेचा लागल्या असतील, मला कधी कळलंच नसनार," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला. "दुखत नाय म्हनून मी खुशीत होतो."

"न दुखणं हाच तुझा आजार आहे, मामा."

मग तो म्हणाला, "सोड पाय." दर्शनाने घाबरून सोडला. मामा खुर्चीतून उतरला, मामीचा खांदा धरून वाकला आणि भर दवाखान्यात भाचीच्या दोन्ही पावलांना हात लावून ते कपाळाला नेले. मग परत खुर्चीत चढून बसला, पाय स्टुलावर ठेवला आणि म्हणाला, "आता धर. आता फिटला."

मी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे बघितलं. नमस्कार काम संपल्यावर एकदाच, असं लिहिलेलं होतं. या वेळी मी ओरडले नाही.

त्याच दिवशी दर्शना त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. फोटो काढला. हाड वाचलं होतं, अगदी थोडक्यात. नखाची कड काढावी लागली, औषधं सुरू झाली आणि रोजच्या ड्रेसिंगला मामा एसटीने रत्नागिरीला येऊ लागला. रोज आधी वाकून भाचीच्या पाया पडायचा आणि मगच पाय स्टुलावर ठेवायचा. बाकीच्या पेशंटांना कळेना हा काय प्रकार आहे. दोन-तीन जणांनी ही उपचाराची पद्धत असेल असं समजून तेही दर्शनाच्या पाया पडायला लागले. गोदाआजीने मला बाजूला घेऊन विचारलं, "हिच्या अंगात येतं का गो?" मी दुसरा पुठ्ठा लिहिला, 'येथे फक्त एकाच पेशंटने आधी नमस्कार करावयाचा आहे. बाकीच्यांनी बसून घ्यावे.'

एक ऑगस्टला होड्या सुटल्या तेव्हा मामा खाडीच्या काठावर पायाला पांढरीशुभ्र पट्टी बांधून उभा होता. त्याची होडी दुसऱ्या तांडेलाने नेली. त्या दिवशी तो जेवला नाही, असं मामी म्हणाली. पण नारळी पौर्णिमेनंतर जखम भरली. कोपऱ्यात नवं नख दिसायला लागलं आणि डॉक्टरांनी परवानगी दिली. अट एकच, अनवाणी चालायचं नाही. होडीवर तर मुळीच नाही.

झालं! मामा पुन्हा अडून बसला. देवीवर पायताण घालून चढायचं? पण या वेळी मामी पुढे झाली. तिने रबरी तळव्याचे नवे कोरे बंद बूट आणवले, बाहेर कुठेच टेकवले नाहीत, ताटात ठेवून त्यांना हळदकुंकू वाहिलं आणि ताट तसंच होडीवर नेऊन ठेवलं. म्हणाली, "ह्यांनी जमीन बघितलेली नाय. हे पायताण नाय, हे होडीचं सामान. जाळं तसं हे." मामाने दोन दिवस विचार केला आणि त्याला ते पटलं. काठापर्यंत एक जोडी आणि होडीवर दुसरी, असं ठरलं. बायकोने एवढं डोकं आधी का नाही चालवलं, असंही वर ऐकवलं.

तो निघाला त्या सकाळी मी आणि दर्शना काळबादेवीला गेलो. मामा होडीच्या काठावर पाय सोडून बसला होता. खलाशी चढले होते. दर्शनाने पर्समधून तंगुशीची दांडी काढली. मामाने न सांगता डोळे मिटले, अगदी घट्ट. मी जवळ जाऊन बघितलं, पापण्यांत कणभरही फट नव्हती.

दर्शनाने अंगठ्याला धागा टेकवला. "लागला?"

"नाय."

तळव्याला टेकवला. "आता?"

"नाय गो. नाय लागत."

एकतीस वर्षांत इतकं चुकीचं आणि इतकं खरं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं. मामाने डोळे उघडले, खिशातून मामीचा छोटा आरसा काढून दाखवला आणि म्हणाला, "पन रोज सांजेला ह्याच्यात तळपाय बगतंय. डोळ्यांनी बगायचं, पायावर विश्वास ठेवायचा नाय. ध्यानात हाय माझ्या."

मग तो जमिनीवरची जोडी पायांत घालून खाली उतरला आणि रोजच्यासारखा भाचीच्या पायांशी वाकला. आणि इथे दर्शनाचं काय झालं कोण जाणे. तीन वर्षं तिने वाकलेल्या डोक्यावर पडणारे आशीर्वाद झेललेले. समोर वाकलेलं डोकं दिसलं आणि तिचाच हात आपोआप वर गेला. मामाच्या पिकल्या केसांवर तळवा ठेवून ती गोदाआजीच्या आवाजात म्हणाली, "सुखी रहा!"

होडीवरचे सगळे खलाशी खो-खो हसायला लागले. मामी तोंडाला पदर लावून हसत होती. दर्शनाने जीभ चावली आणि हात मागे घ्यायला गेली.

मामाने तिचं मनगट धरलं आणि हात तसाच डोक्यावर ठेवून घेतला. डोळे परत मिटले होते.

"लागला," तो म्हणाला. "ह्यो लागला गो."